‘येते’ म्हणजे निघाले!

पावसाळ्यातला रविवार. मळवली स्टेशनवर उतरून मंडळी भाजे लेण्यांच्या वाटेला लागलेली असतात. ओट्यावर तांदूळ निवडत बसलेली आजी विचारते, “कुठं निघालात एवढ्या पावसाचं?” कुणी हसून उत्तर देतं, तर कुणी “हिला कशाला पंचायती?” म्हणत पुढं सरकतं. उद्धट दोघांतलं कुणीच नसतं. बोलण्याचं वळण दोघांनीही आपापल्या घरातून उचललेलं असतं. हे वळण ध्यानात न घेतल्यामुळं मावळात आणि लोणावळ्यात रोज किती गैरसमज होतात!

गैरसमज : ‘कुठं निघालात?’ ही नको ती चौकशी आहे.
वस्तुस्थिती : हा गावाकडचा नमस्कार आहे. “इथंच, जरा वर” एवढं उत्तर पुरतं. केवळ जवळीक राखण्यासाठी होणाऱ्या अशा बोलण्याकडं मानववंशशास्त्रज्ञ मॅलिनोव्स्की यांनी 1923 मध्येच लक्ष वेधलं होतं. मुंबईच्या गर्दीत वाढलेल्या मुलाला मात्र अनोळखी माणसाला काही न विचारणं हीच सभ्यता वाटते. त्याच्या जागी तोही बरोबरच असतो.

गैरसमज : खेड्यातल्या माणसांना आभार मानायची रीत नाही.
वस्तुस्थिती : रीत आहे, पण ती शब्दांत नाही. भातलावणीला आज तुमच्या खाचरात दहा माणसं उतरली, की उद्या तुम्ही त्यांच्या खाचरात उतरायचं, हीच इर्जिक. शेजारणीकडून कालवण आलं तर तिचं भांडं रिकामं परत जात नाही. मूठभर शेंगा का होईना, त्यात पडतातच. तिथं ‘आभारी आहे’ म्हटलं, तर “आम्हाला परकं केलंत का?” असं ऐकावं लागतं. यात मावळ एकटा नाही. जगातल्या आठ भाषांमधल्या घरगुती संभाषणांचा एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. मागितलेली मदत मिळाल्यावर लोक साधारण वीसपैकी एकदाच तोंडानं आभार मानतात, असं त्यात दिसलं.

गैरसमज : शब्दाचा अर्थ शब्दातच असतो.
वस्तुस्थिती : निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. दुकान बंद करत नाही, ‘वाढवतो’. जेवताना पहिल्यांदा म्हटलेलं ‘नको’ संकोचाचं असतं, म्हणून यजमान पुन्हा आग्रह करतो. हा नियम ताटापुरताच, इतरत्र ‘नको’ म्हणजे नकोच. ‘बघू’चाही अर्थ शब्दात नसतो. तोंडावर नकार देऊन समोरच्याला दुखवू नये, म्हणून अनेकदा ‘बघू’ म्हटलं जातं. तळेगावच्या कारखान्यात नव्यानं लागलेला पोरगा साहेबाला “बघतो” म्हणतो आणि साहेब ते होकार समजून बसतो. दोघांनी कामाची तारीख ठरवली, तर घोटाळा टळतो.

गैरसमज : अरे-तुरे म्हणजे अनादर.
वस्तुस्थिती : कितीतरी मराठी घरांत बाबांना ‘अहो’ आणि आईला ‘अगं’ म्हणतात. म्हणून आईचा मान कमी होत नाही. साक्षात विठ्ठलालाही भक्त ‘तू’च म्हणतो. लोणावळ्याजवळ कुरवंड्याला उगम पावणारी इंद्रायणी पुढं देहू-आळंदीला जाते. तिथल्या वाटेवर वारकरी एकमेकांना ‘माउली’ म्हणतात आणि दोघंही एकमेकांच्या पाया पडतात. तिथं वय, जात, हुद्दा काही आडवं येत नाही. ‘तू’ आपुलकीचं की तुच्छतेचं, हे नातं आणि स्वर ठरवतात. म्हणूनच भाजीवाल्या मावशींना किंवा रिक्षावाल्या काकांना परक्यानं केलेलं अरे-तुरे बोचतं.

गैरसमज : लहानपणी लागलेलं वळण बदलत नाही.
वस्तुस्थिती : लोणावळ्यात चिक्कीच्या दुकानात बसणारा मुलगा पाहा. गिऱ्हाइकाशी हिंदीत ‘आप’, आजोबांशी ‘अहो’, मित्राशी ‘अरे’, आणि तेही एका मिनिटात! वळण म्हणजे बेडी नव्हे. नवी रीत शिकताना जुनी टाकून द्यावी लागत नाही.

पुढच्या खेपेला ओट्यावरच्या आजीनं विचारलं, तर थांबा. “लेणी बघायला, आजी,” एवढंच म्हणा. बहुधा ती सांगेल, “पायऱ्यांवर शेवाळ धरलंय, जपून जा.” विचारण्यामागं एवढीच काळजी असते.