कॅमेऱ्याची पेटी, भिंग आणि प्रकाशाचा जमाखर्च

इसवी सन १८९८च्या जानेवारी महिन्याच्या २२ तारखेस चंद्राची छाया विजयदुर्गाजवळ कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, सह्याद्री ओलांडून कऱ्हाडच्या मुलखावरून ईशान्येस सरकली आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथे पोचली, तेव्हा तेथे अमेरिकेतील लिक वेधशाळेचे विल्यम वॉलेस कॅम्बेल एक विलक्षण कॅमेरा सज्ज करून तिची प्रतीक्षा करीत होते. विलक्षण अशासाठी की, आज आपण जिला कॅमेऱ्याची ‘बॉडी’ म्हणतो ती त्या कॅमेऱ्यास जवळजवळ नव्हतीच. पाच इंच व्यासाचे आणि चाळीस फूट नाभीय अंतराचे एक भिंग उंच मनोऱ्यावर बसविलेले, खाली प्रकाशसंवेदी काच, आणि दोहोंच्या मध्ये बाहेरचा उजेड अडविण्यापुरती कापडाची लांबलचक नळी, एवढाच त्याचा सरंजाम. सूर्य आकाशात ज्या गतीने सरके त्या गतीने ती काच घड्याळी यंत्राच्या साहाय्याने सरकविली जाई. परंतु या भिंगाने पाडलेली सूर्यबिंबाची प्रतिमा सुमारे अकरा सेंटिमीटर रुंद होती, आणि म्हणूनच खग्रास अवस्थेच्या त्या दोनएक मिनिटांत सूर्याच्या प्रभामंडलाचा सूक्ष्म तपशील काचेवर उतरू शकला. आजच्या पन्नास मिलिमीटरच्या लेन्समधून तेच बिंब सेन्सरवर अर्धा मिलिमीटरही जागा व्यापत नाही, मग तो सेन्सर कितीही किमती असो.

या जुन्या कॅमेऱ्याचे स्मरण होण्याचे कारण म्हणजे पावसाळा सरता सरता आणि दसरा-दिवाळी जवळ येता येता आपल्या सातारा-सांगलीकडच्या हौशी छायाचित्रकारांपुढे हटकून उभा राहणारा प्रश्न. दोन-तीन वर्षे बाजूला टाकलेली शिल्लक हाती असते. जवळची बॉडी जुनी झाल्यासारखी वाटते. तिच्याबरोबर आलेली अठरा-पंचावन्नची किट लेन्स तेवढी एकच लेन्स असते. आणि नव्या बॉडीची जाहिरात रोज नजरेसमोरून जात असते. पैसे बॉडीवर खर्च करावेत की लेन्सवर? माझा कौल एक महत्त्वाचा अपवाद वगळता नि:संदिग्धपणे लेन्सच्या बाजूने आहे, आणि तो आवडीनिवडीवर नव्हे तर पदार्थविज्ञानावर आधारलेला आहे.

छायाचित्र म्हणजे अखेर प्रकाशकणांची मोजदाद. पागोळीखाली मांडलेल्या भांड्यात किती पाणी जमेल हे जसे भांड्याच्या तोंडाच्या रुंदीवर ठरते, तसे दिलेल्या वेळात किती प्रकाशकण आत येतील हे भिंगाच्या छिद्राच्या व्यासावर ठरते. सेन्सरला आलेल्या कणांची गणती करता येते, न आलेले कण निर्माण करता येत नाहीत. या गणतीत एक अपरिहार्य अनिश्चितता असते. प्रकाशकण ठरावीक अंतराने न येता यदृच्छेने येतात, त्यामुळे सरासरीने १०० कण यावेत तेथे दहा इकडेतिकडे होतात, आणि १०,००० यावेत तेथे शंभर. म्हणजे पहिल्या प्रसंगी एक दशांश चूक, दुसऱ्या प्रसंगी एक शतांश. अंधाऱ्या छायाचित्रात दिसणारे रवाळ दाणे, ज्यांना आपण ‘नॉइज’ म्हणतो, ते बव्हंशी याच अनिश्चिततेचे दृश्य रूप आहे. आयएसओ वाढविल्याने अपुऱ्या प्रकाशाचे चित्र उजळते खरे, पण आत आलेल्या कणांत एकाचीही भर पडत नाही.

ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ रंगभूमीवर आणले, त्या सांगलीच्या विष्णुदास भावे नाट्यमंदिरात एखाद्या प्रयोगाची छायाचित्रे घेण्याचा प्रसंग आला, तर या गणिताचा प्रत्यय तत्काळ येतो. किट लेन्स पंचावन्न मिलिमीटरवर नेली की तिचे छिद्र एफ/५.६ याहून अधिक उघडत नाही; नटाची हालचाल गोठवायची तर शटर सेकंदाच्या सव्वाशेव्या भागाच्या आसपास ठेवणे प्राप्त; मग आयएसओ ६४००वर जाण्यावाचून गत्यंतर उरत नाही. तेथे एफ/१.८ची पन्नास मिलिमीटर लेन्स लावली तर जवळजवळ दहापट प्रकाश आत येतो, आयएसओ साडेसहाशेच्या आसपास उतरतो, आणि चित्राची शुद्धता तिपटीहून थोडी अधिक वाढते. ही लेन्स बहुतेक कंपन्यांच्या यादीत सर्वांत स्वस्त लेन्सांपैकी एक असते, हे विशेष.

आता नवी बॉडी घेऊन काय साधेल ते पाहू. १९७५ साली कोडॅक कंपनीत स्टीव्हन सॅसन यांनी बनविलेल्या पहिल्या अंकीय कॅमेऱ्यात अवघे १०,००० पिक्सेल होते; त्यानंतर सेन्सरने केलेली प्रगती थक्क करणारी आहे, आणि ज्याच्याजवळची बॉडी पंधरा-वीस वर्षांपूर्वीची असेल त्याला नव्या सेन्सरचा फरक निश्चित जाणवेल. पण गेल्या काही वर्षांतला कोणताही चांगला सेन्सर पिक्सेलवर ज्या रंगाची गाळणी असेल त्या रंगाच्या प्रकाशकणांपैकी निम्म्याच्या आसपास, किंवा त्याहूनही अधिक कण मोजतो. उद्या कोणी सर्वच्या सर्व कण मोजणारा निर्दोष सेन्सर घडविला तरी लाभ फार तर दुपटीचा, म्हणजे छायाचित्रकारांच्या भाषेत एका स्टॉपचा. दहापटीचा लाभ देणारे भिंग बाजारात माफक किमतीस मिळत असताना या उरलेल्या दुपटीच्या अंशासाठी सारी शिल्लक खर्ची घालणे मला सयुक्तिक वाटत नाही.

हा प्रश्न काही आजचाच नाही. १८३९ साली दागेरची चांदीच्या पट्टीवरील छायाचित्रणाची पद्धती जाहीर झाली तेव्हा माणसाचे चित्र घेण्यासाठी त्याला उन्हात कित्येक मिनिटे निश्चल बसावे लागे. हे सुधारण्याचे दोन मार्ग होते आणि दोन्हींवर एकाच वेळी काम चालू झाले: कोणी ब्रोमीनच्या वाफेने चांदीची पट्टी अधिक संवेदी केली, तर व्हिएन्नाच्या योझेफ पेट्झव्हाल या गणितज्ञाने १८४० साली एफ/३.६च्या सुमाराचे भिंग गणिताने सिद्ध केले, आणि त्या क्लिष्ट आकडेमोडीसाठी ऑस्ट्रियाच्या तोफखान्यातील गणनेत तरबेज असलेले जवान त्याच्या दिमतीस देण्यात आले. आधीच्या एफ/१५च्या आसपासच्या भिंगांशी ताडून पाहता हे पाऊल सोळा-सतरा पटींचे होते. त्या काळी संवेदी पट्टीच्या बाजूसही सुधारणेस अफाट वाव होता. पुढची दीडशे वर्षे रसायनतज्ज्ञांनी आणि मग सिलिकॉनच्या कारागिरांनी तो वाव वापरला. आता तो जवळजवळ संपला आहे.

‘फुल फ्रेम’ बॉडी घेतली की अंधारातली चित्रे आपोआप सुधारतात, अशी समजूत सर्वत्र आहे, आणि तिच्यात अर्धे सत्य आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरचे क्षेत्रफळ लहान, म्हणजे क्रॉप सेन्सरच्या सव्वादोन पटींहून काहीसे अधिक असते. पण तेच दृश्य त्याच एफ-आकड्यावर टिपायचे तर लहान सेन्सरवरच्या पन्नास मिलिमीटरच्या जागी पंचाहत्तर मिलिमीटरची लेन्स लागते, एफ/१.८वर पहिलीचे छिद्र २८ मिलिमीटर, दुसरीचे ४२. जो अधिक प्रकाश आला तो या रुंद छिद्रातून आला. मोठ्या सेन्सरने त्याला सामावून घेण्यास जागा दिली एवढेच. म्हणून फुल फ्रेम बॉडी घेऊन तिला अंधूक झूम लेन्स लावणाऱ्याच्या पदरी निराशा येते, आणि अशी माणसे मी पाहिली आहेत.

परंतु भिंगाचे खरे सामर्थ्य पाहायचे तर साताऱ्याहून पंचवीस किलोमीटरवरच्या कास पठारावर गेले पाहिजे. समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर उंचीचे हे जांभ्या दगडाचे सपाट पठार २०१२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसायादीत पश्चिम घाटाबरोबर दाखल झाले, आणि भाद्रपद-आश्विनात तेथे जी पुष्पसृष्टी प्रकटते तिचे वर्णन करण्याची ही जागा नव्हे. छायाचित्रकाराच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट ही की, तेथली पुष्कळ फुले अत्यंत लहान आहेत. सीतेची आसवे सेंटिमीटरभर. गेंदाचे पांढरे गुच्छ त्याहूनही लहान. दवबिंदू नावाच्या वनस्पतीच्या पानावरची चिकट टोके तर मिलिमीटरच्या अंशांत मोजावीत अशी. शास्त्रीय नावातच साताऱ्याचा उल्लेख मिरविणाऱ्या वायतुऱ्याचा तुरा नजरेस मोठा दिसतो, पण त्याची फुले जवळून पाहावीत तेव्हा कळतात.

किट लेन्स कितीही जवळ नेली तरी वस्तूची प्रतिमा सेन्सरवर तिच्या मूळ आकाराच्या चतुर्थांशापासून फार तर एकतृतीयांशाहून किंचित मोठी पडते. एकतृतीयांश धरू. मॅक्रो लेन्स तीच प्रतिमा मूळ आकाराएवढी पाडते. हा तिपटीचा फरक केवळ बॉडी बदलून भरून काढायचा झाल्यास लांबीत तिप्पट आणि रुंदीत तिप्पट, म्हणजे एकूण नऊपट पिक्सेल लागतील. २४ मेगापिक्सेलच्या जागी २१६! आणि असा सेन्सर कोणी आणून दिला तरी किट लेन्स एवढा बारीक तपशील त्याच्यापर्यंत पोचवू शकणार नाही.

मॅक्रोच्या मार्गातही निसर्गाने दोन निर्बंध घालून ठेवले आहेत आणि ते समजून घेतल्याखेरीज पैसे खर्च करू नयेत. मूळ आकाराएवढ्या प्रतिमेच्या वेळी एफ/८वर स्पष्ट दिसणाऱ्या थराची जाडी पाऊण मिलिमीटरही भरत नाही. फुलाची पाकळी स्पष्ट, तर मागचा देठ धूसर. हा थर वाढविण्यासाठी छिद्र लहान करावे, तर प्रकाशलहरी त्या अरुंद वाटेतून जाताना पसरतात, आणि एका बिंदूची एक चकती होते. शिवाय इतक्या जवळून चित्र घेताना एफ/८ हे परिणामाने जवळजवळ एफ/१६ बनलेले असते, तेव्हा हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे २१ मायक्रोमीटर व्यासाची होते, आणि २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सरवर तिच्या व्यासात पाच पिक्सेल सहज मावतात. येथे अधिक पिक्सेलांची बॉडी काहीही करू शकत नाही. निरनिराळ्या थरांची अनेक चित्रे घेऊन ती संगणकावर जुळविण्याची युक्ती घरातल्या टेबलावर उत्तम चालते. कासच्या वाऱ्यात फूल एका जागी ठरेल तर ना!

ज्यांची ऐपत तूर्त मॅक्रो लेन्सची नाही त्यांनी खट्टू होण्याचे कारण नाही. लेन्स आणि बॉडी यांच्या मध्ये बसविण्याच्या एक्स्टेन्शन ट्यूब मिळतात. त्यांत काच मुळीच नसते, त्या लेन्सला सेन्सरपासून दूर ठेवतात इतकेच. पन्नास मिलिमीटरच्या लेन्सखाली २५ मिलिमीटरची ट्यूब लावली की, लेन्स अनंतावर ठेवूनसुद्धा प्रतिमा मूळ आकाराच्या निम्म्याएवढी होते. लेन्स उलटी बसविण्याची रिंग त्याहूनही स्वस्त पडते. आणि मॅक्रो लेन्स घेणारच असाल तर पन्नास-साठ मिलिमीटरची न घेता शंभरच्या आसपासची घ्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. तिच्यामुळे फुलापासून सुमारे पंधरा सेंटिमीटर अंतर राखता येते आणि ठरवून दिलेल्या पायवाटेवरूनच पुष्कळ चित्रे साधतात. चित्रासाठी फुलांच्या ताटव्यात आडवे पडणारे लोक पाहिले की मला मनस्वी वेदना होतात. ज्या मातीच्या इंचभर थरावर ही सृष्टी उभी आहे, तो थर एकदा चेंगरला की लवकर सावरत नाही.

आता अपवादाकडे वळतो. खटाव तालुक्यात मायणी आणि येरळवाडीच्या तलावांत, ज्या वर्षी पाणी असेल त्या वर्षी, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. उडत्या पक्ष्याचा डोळा क्षणोक्षणी अंतर बदलत असताना त्यावर लेन्स खिळवून ठेवणे हे मुख्यत: बॉडीचे काम, आणि येथे गेल्या दशकात खरोखरच क्रांती झाली आहे. सेन्सरवरील काही पिक्सेल भिंगाच्या डाव्या कडेने आलेला प्रकाश पाहतात, काही उजव्या कडेने आलेला. या दोन दृश्यांतील सरकाव मोजला की लेन्स कोणत्या दिशेस आणि किती हलवावी हे एका क्षणात कळते. कॅननने २०१३ साली प्रत्येक पिक्सेलचेच दोन भाग करून ही रीत आणली, आणि आता तिच्या जोडीस पक्ष्याचा डोळा ओळखणारी गणिती प्रणाली आली आहे. ज्याचा छंदच उडते पक्षी टिपण्याचा आहे आणि ज्याच्याजवळ लांब पल्ल्याची लेन्स आधीच आहे, त्याने बॉडी खुशाल बदलावी. मात्र माणदेशी माळावर ऊन तापले की पाण्यावरची हवा थरथरू लागते, आणि त्या थरथरीपुढे बॉडीचाही इलाज नाही आणि लेन्सचाही. सकाळी नऊच्या आत काम उरकावे.

लेन्स घेतली की ती जपण्याची जबाबदारी येते, आणि आपल्या भागात ती विशेष आहे, कारण एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरास वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तर माणमध्ये त्याच्या दशांशाच्या आसपास. पूर्वेकडे धूळ, पश्चिमेकडे बुरशी. ही बुरशी काचेवर जाळे विणते आणि तिच्या आम्लाने काचेवरील लेप कायमचा खरवडला जातो. सेकंडहँड लेन्स घ्यावयाची असेल तर दोन्ही बाजूंची झाकणे काढून, छिद्र पूर्ण उघडून, मागून बॅटरीचा झोत तिरपा टाकून आत कोळिष्टकासारखे तंतू दिसतात का ते पाहावे. दिसल्यास किंमत कितीही उतरली तरी सौदा मोडावा. स्वत:ची लेन्स पावसाळ्यात चामड्याच्या पिशवीत कधीही ठेवू नये, कारण चामडे ओल धरते. घट्ट झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवावी, डब्यात आर्द्रता मोजणारा छोटा मापक ठेवावा, आणि त्याचा काटा साठ टक्क्यांपलीकडे सरकू लागला की दाणे बदलावेत.