मुलांच्या भुताळी पार्टीचे सरबत : धूर ग्लासाबाहेरच बरा

ऑक्टोबर संपत आला की बालरोगतज्ज्ञांना एक नवाच प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, मुलीच्या वाढदिवसाला हॅलोवीनची थीम ठेवली आहे. केटरर म्हणतो, ग्लासातून पांढरा धूर येणारं सरबत देतो. मुलं खूश होतील. चालेल ना?"

हॅलोवीन ३१ ऑक्टोबरला येतो. आयर्लंड आणि स्कॉटलंडच्या जुन्या परंपरेतून आलेला हा सण अमेरिकेत रुजला. तिथल्या मराठी घरांतली मुलेही त्या संध्याकाळी भुताखेतांचे कपडे घालून शेजाऱ्यांकडे चॉकलेटे मागायला जातात. आता पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांमध्येही अशा पार्ट्या होऊ लागल्या आहेत. त्यात वावगे काही नाही. थोडे घाबरायला आणि मग खिदळायला मुलांना आवडतेच.

म्हणून वरच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे असते : भुताळी सरबत जरूर करा, पण ग्लासातला धूर नको. असे का, आणि धुराशिवाय मुलांना आवडेल असे सरबत घरी कसे करायचे, ते या लेखात पाहू.

हा धूर नेमका कशाचा असतो?

असा धूर काढण्यासाठी बहुतेक वेळा दोनपैकी एक पदार्थ वापरला जातो.

१) ड्राय आईस : हा पाण्याचा बर्फ नव्हे. हा गोठवलेला कार्बन डायऑक्साइड वायू असतो. त्याचे तापमान सुमारे उणे ७८ अंश सेल्सिअस असते. घरातल्या फ्रीझरचे तापमान साधारण उणे १८ अंश असते, यावरून कल्पना येईल. ड्राय आईस वितळून त्याचे पाणी होत नाही, त्याचा थेट वायू होतो.

२) लिक्विड नायट्रोजन : याचे तापमान सुमारे उणे १९६ अंश असते. त्याचा वायू झाला की तो जवळपास ७०० पट जागा व्यापतो.

आपल्याला दिसणारा पांढरा धूर म्हणजे हवेतल्या बाष्पाचे बारीक थेंब असतात. धोका त्या थेंबांचा नसतो. ते ज्याच्यामुळे तयार होतात, तो अतिथंड पदार्थ धोकादायक असतो.

पोटात गेल्यास काय होते?

दोन गोष्टी एकाच वेळी घडतात. पहिली म्हणजे थंडीने भाजते. ओठ, जीभ, घसा, अन्ननलिका किंवा जठराच्या आतल्या आवरणाला तो पदार्थ जिथे चिकटतो, तिथल्या पेशी गोठून मरतात. दिसायला ही जखम भाजल्यासारखीच असते.

दुसरी म्हणजे वायूचा दाब वाढतो. सुपारीएवढ्या, म्हणजे साधारण पाच ग्रॅमच्या ड्राय आईसपासून अडीच लिटरहून जास्त वायू तयार होतो. लहान मुलाच्या जठरात एवढी जागा नसते. ढेकरेवाटे वायू बाहेर पडला नाही तर जठर ताणले जाते आणि फाटू शकते.

अशा घटना आपल्याकडे घडल्या आहेत. मार्च २०२४ मध्ये गुरुग्राममधील एका उपाहारगृहात जेवणानंतर मुखशुद्धी समजून ड्राय आईस तोंडात टाकलेल्या पाच जणांना रक्ताच्या उलट्या झाल्या. त्याच वर्षी बंगळुरूमध्ये एका लग्नात लिक्विड नायट्रोजनचे 'धुराचे पान' खाल्लेल्या १२ वर्षांच्या मुलीच्या जठराला छिद्र पडले. तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

"फूड ग्रेड आहे" म्हणजे सुरक्षित का?

केटरर हे वाक्य हमखास म्हणतात आणि पालक निर्धास्त होतात. 'फूड ग्रेड'चा अर्थ एवढाच, की पदार्थात घातक भेसळ नाही. त्यामुळे त्याचे तापमान बदलत नाही. शुद्ध ड्राय आईसही उणे ७८ अंशांचाच असतो.

"धूर थांबल्यावरच मुलांना देऊ" असेही सांगितले जाते. मोठ्यांच्या बाबतीत हे कदाचित जमेल. मुलांच्या पार्टीत जमत नाही, कारण ड्राय आईस सरबतापेक्षा जड असल्याने ग्लासाच्या तळाशी जाऊन बसतो. गडद रंगाच्या सरबतात तो दिसतही नाही. वीस मुले धावपळ करत असताना प्रत्येक ग्लासाचा तळ कोण तपासणार? शिवाय धूर दिसत असतानाच पिण्यात मुलांना खरी मजा वाटते. तळाशी खडा उरला की तो चॉकलेटासारखा चघळून पाहणारे एखादे मूल असतेच.

आणखी दोन धोके लक्षात ठेवा. ड्राय आईस बंद बाटलीत किंवा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवला तर वायूच्या दाबाने तो डबा फुटतो. तसेच कार्बन डायऑक्साइड हवेपेक्षा जड असल्याने बंद खोलीत तो जमिनीलगत साठतो, म्हणजे नेमका रांगणाऱ्या आणि खाली बसून खेळणाऱ्या मुलांच्या उंचीवर. बंद गाडीतून ड्राय आईस आणणेही यामुळेच धोक्याचे आहे.

रंगांबाबत काय काळजी घ्यावी?

भुताळी सरबत म्हटले की काळा, रक्तासारखा लाल किंवा भडक हिरवा रंग हवा असतो.

• काळ्या रंगासाठी काही ठिकाणी ॲक्टिव्हेटेड चारकोल घालतात. मुलांना तो देऊ नका. विषबाधेत आम्ही डॉक्टर तो औषध म्हणून वापरतो, कारण तो पोटातले पदार्थ स्वतःला चिकटवून घेतो. म्हणूनच मूल फिट्सचे किंवा इतर कोणतेही नियमित औषध घेत असेल, तर त्या औषधाचा परिणाम कमी होऊ शकतो.

• सुटे, लेबल नसलेले रंग वापरू नका. त्यात कापडासाठीचे रंग असण्याची शक्यता असते.

• बिटाचा रस प्यायल्यावर काही मुलांची लघवी गुलाबी होते. खाद्यरंगांमुळे शौचाचा रंग हिरवा किंवा काळपट दिसू शकतो. एक-दोन दिवसांत हे आपोआप थांबते. रंग तसाच राहिला किंवा पोट दुखू लागले तर मात्र दाखवून घ्या.

• अंधारात चमकणाऱ्या पेयासाठी टॉनिक वॉटर वापरतात. त्यात क्विनीन असते. मुलांसाठी ते टाळावे, जी६पीडी या विकराची कमतरता असलेल्या मुलांना तर देऊच नये.

साखरेचे भूतही विसरू नका

अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या सल्ल्यानुसार २ ते १८ वर्षांच्या मुलांच्या पोटात दिवसभरात २५ ग्रॅमपेक्षा कमी वरची साखर जावी. २०० मिलीलिटर कोलामध्ये सुमारे २१ ग्रॅम साखर असते, म्हणजे साधारण पाच चहाचे चमचे. त्यावर केक आणि चॉकलेटे असतातच. एका दिवसाने मोठे नुकसान होत नाही, पण पेय घरी केले तर साखर आपल्या हातात राहते. एनर्जी ड्रिंक मुलांना मुळीच नको. त्यात कॅफिन असते आणि ते मुलांसाठी नाही असे त्याच्या डब्यावरच छापलेले असते.

घरी करा : दोन भुताळी सरबते

रक्तपिपासू सरबत (१० मुलांसाठी)

साहित्य : ५० ग्रॅम सुकी कोकमे (आमसुले), ७५ ग्रॅम साखर, अर्धा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, चवीपुरते मीठ, दीड लिटर उकळून गार केलेले किंवा फिल्टरचे पाणी.

कृती : कोकमे धुऊन दोन कप कोमट पाण्यात तासभर भिजवा. हाताने कुस्करून गाळून घ्या. साखर विरघळवा, जिरेपूड आणि उरलेले पाणी घाला. कोकमांना आधीच मीठ लावलेले असते, म्हणून चव पाहूनच मीठ घाला. फ्रीजमध्ये गार करा. कोणताही रंग न घालता गडद लाल सरबत तयार होते. एका ग्लासात साखर साधारण साडेसात ग्रॅम जाते.

पाच वर्षांवरील मुलांच्या सरबतात 'बेडकाची अंडी' म्हणून भिजवलेला सब्जा घालता येईल. सब्जा किमान २० मिनिटे भरपूर पाण्यात भिजून पूर्ण फुगलेला असावा. कोरडे बी घशात फुगून अडकू शकते.

चेटकिणीचे सरबत

गोकर्णाची ८–१० सुकी निळी फुले एक कप गरम पाण्यात दहा मिनिटे ठेवून गाळा. त्यात आणखी तीन कप पाणी आणि थोडी साखर घाला. फुले खाण्यासाठी म्हणून विकली जाणारीच घ्या, कीटकनाशक मारलेल्या बागेतली नकोत. निळे पाणी ग्लासांत ओता आणि मुलांसमोर लिंबू पिळा. निळा रंग क्षणात जांभळा होतो. फुलातले रंगद्रव्य आम्ल मिळताच रंग बदलते, त्यामुळे हे घडते. धुरापेक्षा ही जादू मुलांना जास्त आवडते, कारण लिंबू त्यांना स्वतः पिळता येते!

सजावट : भूत ग्लासाच्या बाहेर

• द्राक्षे किंवा लिचीचे 'डोळे', प्लास्टिकचे कोळी, गोल जेली, बर्फाचे लहान खडे यांपैकी काहीही पाच वर्षांखालील मुलांच्या ग्लासात घालू नका. गोल, गुळगुळीत वस्तू श्वासनलिकेत अडकते.

• त्याऐवजी ग्लासाला बाहेरून कागदी डोळे चिकटवा. मोठे भांडे जाळीदार काळ्या कापडाने सजवा. पारदर्शक भांड्याखाली बॅटरीवर चालणारा छोटा दिवा ठेवला की लाल सरबत अंधारात छान दिसते. दिव्याचे बटनसेल स्क्रूने बंद होणाऱ्या झाकणात असावेत, कारण गिळलेला बटनसेल अन्ननलिका जाळतो.

• सरबत गार करायला भांडे मोठ्या परातीत ठेवून भोवती साधा बर्फ घाला. बाहेरून आणलेला बर्फ सरबतात टाकू नका.

चुकून ड्राय आईस तोंडात किंवा हातावर गेल्यास

• तोंडात असल्यास लगेच थुंकायला सांगा. ओठाला किंवा जिभेला चिकटला असेल तर ओढू नका, कोमट पाणी ओतून सोडवा.

• गिळला असल्यास उलटी करवू नका. खायला-प्यायला काही देऊ नका. मूल बरे दिसत असले तरी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात लगेच न्या.

• पोट फुगणे, जोराची पोटदुखी, रक्ताची उलटी, सतत लाळ गळणे, गिळता न येणे किंवा धाप लागणे यांपैकी काहीही दिसल्यास महाराष्ट्रात १०८ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

• त्वचेला लागल्यास चोळू नका. तो भाग कोमट पाण्यात धरा, गरम पाण्यात नाही. फोड आले किंवा त्वचा पांढरी, बधिर झाली तर डॉक्टरांना दाखवा.

• बंद खोलीत मुलाला गरगरले, डोके दुखू लागले किंवा ते पेंगुळले, तर त्याला लगेच मोकळ्या हवेत आणा. भान हरपले असेल तर १०८ ला फोन करा.

केटररला आधीच सांगा

पार्टी बाहेर असेल तर आगाऊ रक्कम देण्याआधी स्पष्ट सांगा : "आमच्या कार्यक्रमात खाण्यापिण्याच्या कुठल्याही पदार्थात ड्राय आईस किंवा लिक्विड नायट्रोजन नको." हे मेसेजवर लिहून कळवा, म्हणजे आयत्या वेळी विसरले जाणार नाही. मूल दुसऱ्याच्या पार्टीला जात असेल तर त्यालाही एक वाक्य शिकवून ठेवा : "धूर येत असेल, तर मी पीत नाही, खात नाही."

मुलांना भीतीची गंमत हवी असते आणि ती लाल कोकमात किंवा रंग बदलणाऱ्या गोकर्णात पुरेपूर मिळते. पार्टी संपल्यावर दात घासून मुलांना झोपवा. रात्री भुताची स्वप्ने पडलीच, तर जवळ घ्या. त्यावर दुसरे औषध लागत नाही.