वाईनची घरगुती पारख

पदार्थाची चव जिभेला कळते, असा सर्वसाधारण समज आहे. तो किती अपुरा आहे, याचें एक मासलेवाईक उदाहरण फ्रान्समधील बोर्दो येथें घडलें. वाईनशास्त्राचा अभ्यास करणाऱ्या ५४ विद्यार्थ्यांपुढें दोन पेले ठेवण्यांत आले; एक पांढऱ्या वाईनचा, दुसरा तांबड्या. वास्तविक दोहोंत एकच पांढरी वाईन होती. दुसऱ्या पेल्यांत वास नसलेला तांबडा रंग तेवढा मिसळला होता. विद्यार्थ्यांनीं पहिलीचें वर्णन फिकट रंगाच्या फळांचीं नांवें घेऊन केलें, आणि रंगविलेल्या वाईनमध्यें मात्र त्यांना तांबड्या-काळ्या फळांचे वास आले! मोरो, ब्रोशे आणि द्यूबूर्दियू या संशोधकांनीं हा प्रयोग २००१ सालीं प्रसिद्ध केला.

ज्यांचें शिक्षणच या विषयाचें, त्यांचेंही नाक अशा रीतीनें डोळ्यांच्या ताब्यांत गेलें. तेव्हां चार स्नेह्यांसह घरीं वाईनची पारख करूं इच्छिणाऱ्यानें पहिली सावधगिरी बाळगावयाची, ती आपल्या डोळ्यांपासून आणि बाटलीवरील चिठ्ठीपासून.

तांबडी आणि पांढरी हा भेद नुसता रंगाचा नसून करण्याच्या रीतीचा आहे. काळ्या द्राक्षांच्याही बहुतेक जातींचा रस रंगहीन असतो. रंग असतो तो सालींत. पांढऱ्या वाईनसाठीं रस पिळून घेऊन सालींवेगळा आंबवितात. तांबडीसाठीं काळीं द्राक्षें सालींसह आंबवितात, आणि त्यामुळें रंगाबरोबर साल व बी यांतील टॅनिनही रसांत उतरतें. हें टॅनिन लाळेंतील प्रथिनांना बांधून टाकतें. म्हणून जीभ व हिरड्या कोरड्या पडल्यासारख्या वाटतात. जांभूळ किंवा सुपारी खाणाऱ्यास ही संवेदना नवी नाहीं. आयुर्वेदानें षड्रसांत गणलेला कषाय, म्हणजेच तुरट, तो हाच. पांढऱ्या वाईनची भिस्त आंबटपणावर असते. द्राक्षांतील टार्टारिक आम्ल चिंचेंतही असतें, आणि त्यानें तोंडाला पाणी सुटतें. एकीनें तोंड सुकतें, दुसरीनें तें पाझरतें. डोळे बांधलेल्या माणसालाही उपयोगी पडेल अशी ही खूण आहे.

परीक्षेची सामग्री थोडी आहे. पेला पातळ, बिनरंगी काचेचा, खालीं फुगीर व तोंडाशीं निमुळता असावा. आंतरराष्ट्रीय प्रमाणाचा पेला सुमारें २१५ मिलिलिटरचा असतो, आणि त्यांत ५० मिलिलिटरच वाईन ओततात. उरलेली जागा वासासाठीं असते. पांढरी वाईन ८ ते १२ अंश सेल्सियसपर्यंत थंड करावी. तांबडी खोलीच्या उष्णतामानावर द्यावी, असें युरोपांत म्हणतात. परंतु ती खोली १६ ते १८ अंशांची! पुण्या-नागपूरच्या उन्हाळ्यांत तांबडी बाटलीही कांहीं वेळ शीतकपाटांत ठेवावी. नाहींतर तींतील मद्यार्कच तेवढा नाकाला झोंबतो. क्रम पांढरीकडून तांबडीकडे, हलकीकडून भारीकडे आणि गोडी नसलेलीकडून गोडीकडे ठेवावा. जवळ पाणी, साधा पाव आणि एक तस्त असावें. धंदेवाईक परीक्षक घोट गिळीत नाहींत, थुंकतात. कारण मद्य चढूं लागलें कीं न्यायबुद्धि उतरूं लागते.

पेला पांढऱ्या कागदावर तिरपा धरून रंग पाहावा. पांढरी वाईन वयाबरोबर गडद होत जाते, तांबडी फिकी व विटकरी होते. नंतर पेला गोल फिरवून वास घ्यावा. घोट घेतल्यावर तो तोंडांत फिरवावा, कारण ज्याला आपण चव म्हणतों त्याचा मोठा भाग घशामागून नाकांत चढणारा वासच असतो; पडशानें अन्न बेचव लागतें तें यामुळेंच. शेवटीं चव किती वेळ टिकते, आणि आंबट, तुरट, गोड व मद्याची ऊब यांपैकीं एखादें इतरांवर कुरघोडी करतें काय, हें पाहावें.

दोष ओळखणें गुण ओळखण्यापेक्षां सोपें आहे. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला, तर ट्रायक्लोरोॲनिसोल नांवाच्या द्रव्याचा संशय घ्यावा. तें बहुधा बुचांतून उतरतें. सिरक्याचा वास असेल तर ॲसेटिक आम्ल वाढलें आहे. कोवळी पांढरी वाईन तपकिरी दिसली तर तिला हवा लागली आहे. तळाशीं काचेच्या चुऱ्यासारखे खडे दिसले तर मात्र भिऊं नये. ते टार्टारिक आम्लाच्या क्षाराचे असून निरुपद्रवी असतात.

आतां मुख्य कसोटी. स्वस्त आणि महाग अशा एकाच जातीच्या दोन बाटल्या घ्याव्यात. नाशिककडील शिराझ किंवा शेनें ब्लाँ चालेल. दोन्ही सारख्या थंड कराव्यात. दुसऱ्या कोणीतरी आंतल्या खोलींत तीन पेले भरावेत. दोहोंत एक वाईन, तिसऱ्यांत दुसरी. परीक्षकानें वेगळा पेला ओळखावयाचा. निव्वळ तर्कानें तिनांत एकदां उत्तर बरोबर येतेंच; म्हणून पेल्यांची जागा बदलून सहा वेळां प्रयोग करावा. सहांपैकीं निदान पांच वेळां बरोबर उत्तर केवळ दैवयोगानें येण्याचा संभव शंभरांत दोनांहूनही कमी आहे. भेद ओळखतां आला, तरच कोणती अधिक चांगली हा प्रश्न विचारण्यांत अर्थ. तो ओळखतां आला नाहीं, तर त्या जिभेपुरती जास्तीची किंमत चिठ्ठीची होती, असें समजावें. यांत लाज वाटण्याजोगें कांहीं नाहीं.

नांवें झांकलीं म्हणजे मोठमोठ्यांचाही निवाडा कसा बदलतो, हें २४ मे १९७६ रोजीं पॅरिसमध्यें दिसून आलें. स्टीव्हन स्परियर या इंग्रज वाईन-व्यापाऱ्यानें फ्रान्सच्या नामांकित वाईनबरोबर कॅलिफोर्नियाच्या वाईन निनांवी मांडल्या. नऊ फ्रेंच परीक्षकांनीं विसांपैकीं गुण दिले. बेरीज केली तेव्हां पांढऱ्यांत शातो माँतेलेना आणि तांबड्यांत स्टॅग्ज लीप, अशा दोन्ही कॅलिफोर्नियाच्याच १९७३ च्या वाईन पहिल्या ठरल्या. चिठ्ठ्या दिसत असत्या, तर हा निकाल लागणें कठीण होतें.

म्हणून घरच्या परीक्षेंतही प्रत्येकानें आपलें मत आधीं कागदावर लिहावें, तेंही शाईनें. त्यानंतर तें मोठ्यानें वाचावें, आणि बाटलीवरचें फडकें सर्वांत शेवटीं काढावें.