पोहणे : एक विसरलेले लसीकरण

बेळगावच्या दक्षिणेकडील वडगाव-येळ्ळूरच्या शिवारात आमच्या लहानपणी अनेक मळ्यांत विहिरी होत्या. वार्षिक परीक्षा संपली, की धाकटे काका आम्हा भावंडांना तिकडे नेत. पाठीला पांगाऱ्याचा बिंडा, कमरेला दोर आणि त्याचे टोक धरून काठावर बसलेले काका! आठवड्याने बिंडा सुटे, पंधरवड्याने दोर. मग थोरल्यांच्या मागोमाग सूर आणि मुटके. पोहण्याला तेव्हा कोणी व्यायाम म्हणत नसे. सायकल चालविण्याइतकी ती नित्याची गोष्ट होती.

पुढे बालरोगतज्ज्ञ झालो आणि हे विसरलो. पंधरा वर्षांपूर्वी एका पालकांनी विचारले, "डॉक्टर, सुट्टीत याला गावच्या विहिरीवर पोहायला धाडू काय?" मुलाला दमा होता, परंतु औषधांनी आटोक्यात होता. अशा मुलास पोहणे वर्ज्य नसते, हे मला ठाऊक होते. तरीही मी म्हणालो, "नको. पाण्यापासून लांबच ठेवा." डॉक्टरला 'नको' म्हणणे सोपे असते.

पाच वर्षांनी तोच मुलगा मित्रांसमवेत नदीवर गेला असता पाय घसरून डोहात पडला. विहिरीत पोहणे शिकलेल्या एका मित्राने उडी न घेता जवळच्या मळ्यातील दोर फेकून त्याला ओढून घेतले. काठावरच्या मंडळींनी त्याला उलटा धरून पाणी काढण्याची धडपड चालविली. श्वास चालू होता, म्हणून निभावले. त्या रात्री त्याच्या खाटेशी ऑक्सिजनचे आकडे पाहत बसलो असता मला माझे शब्द आठवले. त्याच्या वडिलांनाही आठवले असावेत. ते काही बोलले नाहीत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मृत्यू पावली; त्यांत जवळजवळ एक चतुर्थांश पाच वर्षांखालील बालके होती. या वयाला कुंपण, झाकण आणि मोठ्यांची अखंड नजर हेच संरक्षण. सहा वर्षांनंतर मात्र पोहणे व सुरक्षित बचाव शिकविणे हा संघटनेने सुचविलेला उपाय आहे. बुडालेल्याचा श्वास थांबला असेल, तर पोट दाबण्यात वेळ न दवडता प्रथम तोंडाने श्वास द्यावा. मेंदूला प्राणवायूविना मिनिटेच मिळतात.

आज बऱ्याच विहिरी बुजल्या, त्यांच्या जागी कूपनलिका आल्या. शहरात तरणतलाव आहेत. तेथे अवश्य शिकवावे. परंतु पाण्याची ओढ, शेवाळलेला दगड, अकस्मात खोल होणारा तळ यांची ओळख तेथे होत नाही. ती जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, पावसाळा टाळून, नैसर्गिक पाण्यातच करून द्यावी लागते. वर्षासहल असो वा गणेशविसर्जन, मुले पाण्यापाशी जाणारच.

तो मुलगा पुढच्या उन्हाळ्यात पोहायला शिकला. दोर धरून त्याचे वडील काठावर बसत.

तेव्हापासून पाच-सहा वर्षांच्या बूस्टरसाठी मूल आले, की मी पालकांना विचारतो, "पोहायला कधी शिकविणार?" माझ्या व्यवसायबंधूंनीही हा प्रश्न आपल्या बाह्यरुग्ण विभागात विचारावा, ही नम्र विनंती.