माहिष्मतीचं पाणी रामघाटावर

उज्जैनच्या रामघाटावर आरतीची वाट बघत पायरीवर बसलो की मला हटकून ‘बाहुबली 2’ आठवतो. कारण त्यातल्या राज्याचं नाव, माहिष्मती. प्राचीन अवंती देशाच्या दोन राजधान्या: उत्तरेला उज्जयिनी, दक्षिणेला नर्मदाकाठची माहिष्मती. ती आजचं महेश्वर की ओंकारेश्वर-मांधाता, हा अभ्यासकांचा वाद अजून मिटलेला नाही.

पहिला भाग आला 10 जुलै 2015 ला, दुसरा 28 एप्रिल 2017 ला. कटप्पाने बाहुबलीला का मारलं, या एका प्रश्नात देश 658 दिवस अडकला होता. तेवढ्यात या घाटावर एक अख्खा सिंहस्थ पार पडला. उत्तराचा खर्च सुमारे 250 कोटी. हजार कोटींची कमाई ओलांडणारा तो पहिला भारतीय चित्रपट. त्यातल्या हिंदी बाहुबलीचा आवाज आपल्या शरद केळकरचा, हे मी आजही अभिमानाने सांगतो.

खोट आहेच. शेवटच्या लढाईत वाकवलेली ताडाची झाडं सुटतात आणि ढालींचं कवच करून बसलेले सैनिक तटापलीकडे जाऊन पडतात. तट 30 मीटरचा धरला, तर जमिनीला टेकताना वेग ताशी 87 किलोमीटर. अर्ध्या मीटरात थांबायचं तर अंगावर स्वतःच्या वजनाच्या साठपट भार. कुणी जिवंत राहणार नाही. इथे सगळे उठतात आणि तलवार चालवतात. त्याहून मला खुपते ती अवंतिका. या भूमीचं नाव ल्यायलेली पहिल्या भागातली नायिका, दुसऱ्या भागात जवळजवळ दिसतच नाही.

तरीही ताड सुटतात तेव्हा मी खुर्चीत पुढे सरकतो, दर वेळी. समोरच्या पाण्याचा हिशेब कळल्यापासून तर जास्तच.

घाटापुढची ही क्षिप्रा उन्हाळ्यात आटते. म्हणून 432 कोटींची नर्मदा-क्षिप्रा जोडयोजना झाली आणि 2014 साली नर्मदेचं पाणी क्षिप्रेत उतरलं. हे पाणी ओंकारेश्वर धरणाच्या कालव्यातलं, म्हणजे माहिष्मतीच्याच मुलखातलं. क्षमता सेकंदाला 5,000 लिटर. पूर्ण दिवस चालली तर 43 कोटी 20 लाख लिटर. मध्ये विंध्य आडवा, त्यामुळे हे सगळं पाणी सुमारे 350 मीटर वर चढवावं लागतं. वाटेतली गळती-घर्षण सोडून नुसतं उचलायलाच 17 मेगावॉट, म्हणजे जवळपास 23 हजार अश्वशक्ती! पंप ते क्षिप्रेच्या उगमाशी नेऊन सोडतात, तिथून ते पात्रातून इथवर येतं. एक नदी डोंगर चढून दुसरीला भेटायला येते, हे पडद्यावर पाहिलं असतं तर मी अतिशयोक्ती म्हणालो असतो.

आणि पुढचा भाग मोठा काढायची हौस या काठालाही आहे. 2022 च्या महाशिवरात्रीला क्षिप्रेच्या घाटांवर 11,71,078 दिवे लागले, गिनेस विक्रम झाला. पुढच्याच वर्षी 18,82,229. एका वर्षात सात लाखांहून जास्त दिवे वाढले, आणि त्यांच्या प्रकाशाखालून वाहत होती क्षिप्रा.