पडद्यावरील संहितेचे पाठ : निश्चित रुंदीच्या स्क्रीनशॉटची पद्धती

संहिताचिकित्सेच्या परंपरेत प्रतीचे वर्णन हा निव्वळ औपचारिकतेचा भाग कधीच नव्हता. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली आणि पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. काळ व साधने भिन्न असली, तरी एकाच संहितेच्या अनेक प्रती समोर ठेवून त्यांतील भेद न्याहाळणे हाच दोन्ही कार्यांचा पाया होता. संकेतस्थळांवर प्रसिद्ध होणाऱ्या मराठी लेखनाविषयी मात्र अशी समजूत रूढ आहे की, तेथे प्रत एकच असते आणि ती सर्वांना सारखीच दिसते. त्यामुळे प्रबंधाच्या तळटीपेत संकेतस्थळाचा पत्ता आणि पाहिल्याचा दिनांक नोंदविला की अभ्यासक निश्चिंत होतो. ही निश्चिंती कितपत साधार आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

छापील पृष्ठाची जुळणी मुद्रणालयात एकदाच होते. संकेतस्थळाच्या पृष्ठाची जुळणी प्रत्येक वाचकाच्या यंत्रात नव्याने होते. दूरच्या संगणकाकडून येतो तो मजकूर आणि मांडणीविषयीच्या सूचना. ओळ कोठे मोडावी हे ब्राउझर ऐन वेळी ठरवतो, आणि तो निर्णय मुख्यतः व्ह्यूपोर्टवर, म्हणजे पृष्ठ ज्या चौकटीत दिसते तिच्या रुंदीवर, अवलंबून असतो. ईथन मार्कोट यांनी २०१० साली रुंदीनुसार बदलणाऱ्या मांडणीची संकल्पना मांडल्यानंतर तीच सर्वत्र रूढ झाली. येथे एक तांत्रिक बाब ध्यानात घ्यावी लागते. फोनच्या जाहिरातीत १०८० गुणिले २४०० असे जे आकडे असतात, ते पडद्यावरील भौतिक बिंदूंचे. मांडणी करताना असा फोन तीन बिंदूंचा एक घटक धरून आपली रुंदी बहुधा ३६० एवढीच सांगतो. महाविद्यालयीन संगणकाचा पडदा १३६६ किंवा १९२० रुंदीचा असतो.

या भेदाचा वाङ्मयीन परिणाम गद्यात फारसा जाणवत नाही. पद्यात तो गंभीर ठरतो. पनवेलहून हार्बर मार्गाच्या गाडीने मुंबईकडे जाणारा विद्यार्थी एखादी मुक्तछंदातील कविता फोनवर वाचतो. एका दीर्घ ओळीतील शेवटचा शब्द चौकटीत मावत नाही, म्हणून तो खाली एकटाच उतरतो. विद्यार्थी त्याची नोंद करतो आणि पुढे प्रबंधिकेत लिहितो की, हा शब्द स्वतंत्र ओळीवर ठेवून कवीने एकाकीपण सूचित केले आहे. मार्गदर्शक तीच कविता महाविद्यालयातील संगणकावर पाहतात, तेव्हा तो शब्द निमूटपणे वरच्या ओळीत बसलेला असतो. विद्यार्थ्याने खोटे लिहिलेले नाही. त्याने कवीचे नव्हे, फोनचे ओळविभाजन समीक्षिले आहे. ओवीच्या बाबतीतही हेच घडते. दोन ओळींत मांडलेली ओवी अरुंद पडद्यावर तीन-चार ओळींची होते आणि चरणांची मर्यादा नवख्या वाचकाला भलत्याच ठिकाणी भासते.

उपाय जुनाच आहे : प्रती मिळवाव्यात आणि ताडून पाहाव्यात. या प्रती हाताने मिळविणे मात्र अविश्वसनीय ठरते, कारण ब्राउझरची खिडकी ओढून लहान-मोठी करताना नेमकी रुंदी दोनदा साधत नाही. यासाठी छोटी आज्ञावली लिहिणे श्रेयस्कर. २०१७ साली गूगलकडून आलेले पपेटिअर आणि २०२० साली मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेले प्लेराइट ही दोन्ही साधने विनामूल्य आहेत. प्लेराइट पायथन भाषेतूनही चालविता येते. आज्ञावलीत पृष्ठांच्या पत्त्यांची एक यादी आणि रुंदी-उंचीच्या जोड्यांची दुसरी यादी, उदाहरणार्थ ३६० गुणिले ८००, ७६८ गुणिले १०२४, १३६६ गुणिले ७६८, दिलेली असते. तिच्या आदेशानुसार ब्राउझर खिडकी न दाखविताच उघडतो, चौकट ठरलेल्या मापाची करतो, पृष्ठ मागवितो, ते पूर्ण उमटेपर्यंत थांबतो, चित्र टिपतो आणि पुढील मापाकडे वळतो. संगणकशास्त्राचे शिक्षण नसलेल्या अभ्यासकालाही एवढे थोड्या सरावाने साधते.

चित्रे हाती आल्यावर खरे काम सुरू होते. जी ओळ एका रुंदीत मोडते आणि दुसरीत मोडत नाही, तिचे मोडणे ब्राउझरचे. जे विभाजन सर्व रुंदींत टिकते, ते मजकुरातच घातलेले असण्याचा संभव अधिक. संभव म्हणण्याचे कारण असे की, पुष्कळ संकेतस्थळे मजकुराच्या स्तंभाला कमाल रुंदी घालून देतात. अशा स्थळी १३६६ आणि १९२० या दोन्ही मापांत ओळ एकाच ठिकाणी मोडेल. तिला कवीची ओळ समजणे ही फसगतच होय. म्हणून निदान एक अरुंद माप अनिवार्य मानावे. टिकलेले विभाजन तरी कवीचे की मजकूर चढविणाऱ्याचे, हा प्रश्न उरतोच. तेथे मूळ छापील संग्रहाकडे जाण्यावाचून गत्यंतर नाही.

मराठीच्या अभ्यासकाला फाँटाचा अडथळा विशेष जाणवतो. आज्ञावली ज्या संगणकावर चालते त्यावर देवनागरी फाँट नसेल आणि पृष्ठानेही तो पुरविला नसेल, तर चित्रात अक्षरांऐवजी रिकाम्या चौकटींच्या रांगा उमटतात. ही चूक निदान दिसते तरी. अधिक फसवी चूक वेगळी आहे. पृष्ठ आपला फाँट दूरवरून मागवीत असेल आणि तो पोहोचण्यापूर्वीच चित्र टिपले गेले, तर मजकूर पर्यायी फाँटात उमटतो. त्याची अक्षरे रुंद किंवा अरुंद असल्याने ओळी निराळ्या ठिकाणी मोडतात आणि जो भेद रुंदीचा समजावा तो फाँटाचा निघतो. फाँट उतरल्याची खात्री करूनच चित्र टिपण्याचा आदेश आज्ञावलीत हवा. पृष्ठाची भाषा मराठी म्हणून घोषित केली आहे की हिंदी, यावरून काही फाँटांत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणेही बदलतात. तेव्हा चित्रातील अक्षरवळणावरून लेखकाच्या पसंतीविषयी अनुमान काढू नये.

चौकटीचे माप फोनचे केले म्हणजे फोनवरील पाठ मिळाला, असेही नाही. पनवेलजवळच्या शिरढोण येथे १८४५ साली जन्मलेल्या वासुदेव बळवंत फडके यांच्यावरील मराठी विकिपीडियाच्या लेखाचे उदाहरण घेता येईल. विकिपीडियाची फोनसाठीची मांडणी निराळी आहे आणि ती केवळ रुंदीवर ठरत नाही. ब्राउझर आपली ओळख कोणत्या यंत्राची सांगतो, हेही पाहिले जाते. त्या मांडणीत लेखाचे विभाग मिटलेले दिसत आले आहेत, म्हणजे फोनवरच्या वाचकापुढे सहजी येतो तो लेखाचा आरंभच. प्लेराइटमध्ये विशिष्ट फोनचे माप, बिंदूंचे प्रमाण व ओळख एकत्र निवडण्याची सोय आहे. अशा स्थळी तीच वापरावी.

विकिपीडिया आपल्या लेखांचा इतिहास राखतो, मग चित्रांची गरज काय, अशी शंका येथे संभवते. तो इतिहास मजकुराचा असतो, दर्शनाचा नव्हे. दहा वर्षांपूर्वीची आवृत्ती आज उघडली, तर मजकूर तेव्हाचा मिळतो. पण त्यात गुंफलेले साचे आजचे, आणि एकूण मांडणीही आजचीच. तेव्हाच्या वाचकाने काय पाहिले, हे त्यातून हाती लागत नाही. याउलट चित्रातील मजकूर शोधता वा मोजता येत नाही. म्हणून चित्रासोबत पृष्ठाचा मूळ मजकूरही त्याच वेळी, त्याच आज्ञावलीतून साठवावा. संपूर्ण पृष्ठाचे सलग चित्र घेण्याची सोय अभ्यासाला उपयुक्त असली, तरी ते सलग दर्शन कोणत्याही वाचकाला एका दृष्टिक्षेपात घडलेले नसते, याचे भान ठेवलेले बरे.

प्रत्येक चित्राच्या नावात दिनांक, वेळ, रुंदी, उंची आणि बिंदूंचे प्रमाण यावे. ब्राउझरचे नाव व आवृत्ती, वापरलेला फाँट आणि सांगितलेली यंत्र-ओळख ही माहिती सोबतच्या नोंदीत असावी. तळटीपेत पत्ता व दिनांक यांपुढे ‘३६० रुंदीवर पाहिलेला पाठ’ एवढे शब्द घालण्यास अर्धी ओळही लागत नाही.