उकिरडा झालेली खाम आणि काठावरची बाग

सोयगावहून कामानिमित्त छत्रपती संभाजीनगरला गेलात, तर छावणीजवळच्या लोखंडी पुलापाशी थोडं थांबा. खाली खाम नदी आहे. हर्सूलकडून येणारी ही नदी पाणचक्कीला लागून शहर ओलांडते आणि पुढे गोदावरीला मिळते. पण कित्येक वर्षं शहराला ती फक्त नाला म्हणून ठाऊक होती. पिशव्या, गाद्या, बांधकामाचा राडारोडा, जे नको ते पात्रात!

फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगावच्या डेपोकडे जाणाऱ्या कचऱ्याच्या गाड्या गावकऱ्यांनी अडवल्या आणि शहर अक्षरशः कचऱ्यात बुडालं. त्यानंतर काही वर्षांत महापालिका, छावणी परिषद, व्हेरॉक फाउंडेशन आणि इकोसत्त्व या संस्थांनी मिळून खाम पुनरुज्जीवनाचं काम हाती घेतलं.

काम तसं कष्टाचंच. आधी राडारोडा उपसायचा, मग काठाला उतार द्यायचा, देशी झाडं लावायची आणि वाहून येणारं प्लास्टिक अडवायला नाल्यांवर जाळ्या बसवायच्या. सफाई कामगारांच्या जोडीला नागरिक आणि विद्यार्थीही श्रमदानाला उतरले. आज पुलाजवळ खाम इको पार्क आहे, लोक तिथे फिरायला येतात.

डब्ल्यूआरआय रॉस सेंटर या संस्थेच्या 2023-24 च्या जागतिक शहर पुरस्कारात ही मोहीम अंतिम फेरीत पोहोचली. पुरस्कार मात्र कोलंबियातल्या बारांकिया शहराच्या उद्यान योजनेने पटकावला.

सांडपाण्याचा प्रश्न अजून पुरता सुटलेला नाही, हेही सांगायला हवं. बाग झाली तरी वरच्या वस्त्यांचे नाले नदीतच उतरतात.